कॅनडात कॉलेज सॉकर खेळताय? मग उन्हाळी लीगचं जानेवारीतच बघा

दरवर्षी मे उजाडला की कुणीतरी पोरगा विचारतोच, दादा परीक्षा संपल्या, आता समर लीग खेळायचीय, ट्रायल कधी असते? आणि दरवर्षी मला तेच सांगावं लागतं की बाबा ट्रायल झाली, टीम ठरली, पहिली मॅच पण होऊन गेली. मी मूळचा कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून तालमींच्या फुटबॉल मॅचेस बघत मोठा झालो, थोडंफार खेळलो, मग शिकायला ओंटारियोत आलो आणि पहिला उन्हाळा असाच घालवला, म्हणजे मे मधे जागा झालो आणि मग चार महिने पार्कमधे ओळखीच्या पोरांबरोबर सात-सात खेळलो. पुढचे दोन उन्हाळे नीट खेळलो. फार मोठं काही नाही, रिझर्व टीम, आणि शेवटी शेवटी दोन-तीन वेळा वरच्या टीमच्या बेंचवर. पण चुका सगळ्या करून झाल्यात, त्यामुळे लिहितोय.

एक आधीच, इथे फुटबॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर हेल्मेट घातलेली माणसं येतात. सॉकर म्हणायचं. आपल्या जिभेला जड जातं पण सवय होते.

ही भानगड मुळात आहे काय

कॅनडात युनिव्हर्सिटीच्या टीम यू स्पोर्ट्समधे खेळतात आणि कॉलेजच्या टीम सीसीएएमधे, या दोन देशभरच्या विद्यार्थी-खेळांच्या संघटना. आपल्याकडे सगळ्यालाच कॉलेज म्हणतात पण इथे कॉलेज म्हणजे हंबर, सेनेका, शेरिडन असली डिप्लोमावाली, आणि युनिव्हर्सिटी वेगळी. दोन्हीकडचा सॉकर सीझन एवढासा असतो, ऑगस्टच्या शेवटाला चालू, नोव्हेंबरात नॅशनल्स, संपलं. मधल्या शनिवार-रविवारी मॅचेस कोंबलेल्या. म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिने तुम्ही खरे खेळाडू आणि बाकी वेळ जिम आणि इनडोअर. वीस वर्षाच्या पोराला एवढ्यावर सुधारता येत नाही, हे इथल्या कोच लोकांना पण माहितीये, म्हणून उन्हाळ्यात या प्रांतिक सेमी-प्रो लीग असतात. सेमी-प्रो हा शब्द ऐकून हुरळू नका, टीममधली बहुतेक पोरं कॉलेजचीच असतात आणि एक पैसा घेत नाहीत.

सगळ्यात जुनी क्यूबेकची, २०१२ पासून. ओंटारियोची लीग-वन २०१४ ला सुरू झाली, मुलींची त्याच्या पुढच्या वर्षी, २०१५ ला. ब्रिटिश कोलंबियाची २०२२ पासून आणि अल्बर्टाची २०२३ ला थोड्या मॅचेस खेळवून मग २०२४ ला पूर्ण सीझन. नावं बदलत राहतात, क्यूबेकची आधी पीएलएसक्यू होती मग लीग-वन क्यूबेक झाली, त्यामुळे शोधताना जुनं नाव पण टाकून बघा. विनिपेगकडे असाल तर एफसी मॅनिटोबा आणि लेक सुपीरियरच्या काठावर थंडर बे चिल, या टीम अमेरिकेच्या यूएसएल लीग टूकडून खेळत आल्यात. त्याच लीगला आधी पीडीएल म्हणायचे, चिलने ती २००८ ला जिंकली होती आणि २०१८ ला कॅल्गरी फूटहिल्सने.

प्रत्येकाचा मोसम थोडा वेगळा. बीसीची लीग छोटी, साधारण मे ते जुलै, धाडधाड मॅचेस आणि संपली. ओंटारियोची लांब चालते, एप्रिलच्या थंडीत सुरू होते आणि युनिव्हर्सिटीचा कॅम्प चालू झाला तरी हिच्या मॅचेस बाकी असतात. या लांबीचा एक त्रास आहे, तो पुढे सांगतो.

आधी स्वतःचं टाइमटेबल बघा

हे इतकं साधं आहे की कोणी बघतच नाही. युनिव्हर्सिटीवाल्यांना बहुतेक मे ते ऑगस्ट सुट्टी. पण डिप्लोमावाल्यांचे बरेच कोर्स तीन सेमिस्टर सलग चालतात, म्हणजे मे ते ऑगस्ट पण क्लास, आणि वॉटर्लूसारख्या ठिकाणी को-ऑप, म्हणजे कोर्सचाच भाग असलेली नोकरी, असेल तर उन्हाळ्यात तुम्ही कुठल्या गावात नोकरीला असाल ते तुम्हालाच माहित नाही. माझ्या ओळखीचा एक जण टोरंटोच्या टीममधे सिलेक्ट झाला आणि को-ऑप लागली ऑटव्यात. साडेचारशे किलोमीटर. झालं.

दुसरं म्हणजे क्रेडिट. यू स्पोर्ट्स खेळायला त्या टर्मला कमीत कमी ९ क्रेडिट अवर्स, म्हणजे तीन कोर्स लागतात, आणि मागच्या वर्षीचे पण पुरेसे पास झालेले लागतात. एखादा विषय उडाला असेल तर तो उन्हाळ्यात घेऊन भरून काढता येतो. लीगच्या नादात हे राहिलं तर सप्टेंबरमधे तुम्ही फिट, फॉर्मात आणि स्टँडमधे बसलेले.

आणि काम. स्टडी परमिटवर क्लास चालू असताना आठवड्याला २४ तास, हा नियम नोव्हेंबर २०२४ पासून आहे, आणि कॉलेजच्या अधिकृत सुट्टीत फुल टाइम चालतं. उन्हाळ्यात सगळे पैसे कमवायच्या मागे असतात, बरोबरच आहे, फी काही आभाळातून पडत नाही. पण वेअरहाऊसची संध्याकाळची शिफ्ट घेतली तर प्रॅक्टिस गेली, कारण प्रॅक्टिस संध्याकाळी साडेसात-आठलाच असते, सगळेच कामावरून येतात. जूनमधे टोरंटोला नऊपर्यंत उजेड असतो म्हणून जमतं. सकाळची शिफ्ट मागून घ्या, आणि मागायची पण एप्रिलमधेच.

कोचशी बोला, आपल्याच

मला वाटलं होतं ओपन ट्रायलला जायचं, दोन-चार जणांना चकवायचं, गोल मारायचा आणि कोच धावत येऊन सही घेणार. तसं होत नाही हो. ओपन ट्रायल असतात, त्याला फी पण असते, आणि त्यातून एखाद-दुसरा मुलगा घेतात पण, पण टीमचा मोठा भाग त्याआधीच कोचने कोचला फोन करून ठरलेला असतो. या क्लबांचे कोच आणि युनिव्हर्सिटीचे कोच एकाच गोतावळ्यातले, कित्येक ठिकाणी तर माणूस एकच. लँगलीची युनिटी एफसी बघा, ती २०२२ ला ट्रिनिटी वेस्टर्न युनिव्हर्सिटीला चिकटूनच उभी राहिली. तुमचा कोच उन्हाळ्यात कुठे असतो हे माहित नसेल तर आधी ते काढा.

म्हणून नोव्हेंबरमधे सीझन संपला की प्रत्येक खेळाडूला कोच पाच-दहा मिनिटं बोलावतो ना, त्या मीटिंगमधे विचारायचं. सरळ. मी उन्हाळ्यात कुठे खेळावं असं तुम्हाला वाटतं, तुम्ही कुणाशी बोलाल का? आपल्याला मागायला लाज वाटते, वाटतं की खेळ बघून तो स्वतःहून म्हणेल. नाही म्हणत. त्याच्याकडे पंचवीस-तीस पोरं आहेत. इथे जो विचारतो त्याचं काम होतं आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, हे समजायला मला पूर्ण एक वर्ष लागलं.

अजून टीममधे नसाल, म्हणजे वॉक-ऑन व्हायचा विचार असेल, तर उलटं करायचं. आधी उन्हाळी टीम, निदान तिची रिझर्व, पकडायची आणि तिथल्या कोचच्या तोंडून तुमचं नाव युनिव्हर्सिटीपर्यंत जाऊ द्यायचं.

क्लब निवडताना नकाशा उघडा, लोगो नको

यावर मी जरा जास्तच बोलतो कारण सगळ्यात जास्त पोरं इथेच फसतात. ओंटारियोत व्हॉन अझुरी, सिग्मा, वुडब्रिज, स्क्रोसोपी अशी नावं ऐकली की वाटतं इथेच जायचं. अलिस्टर जॉन्स्टन, जो कॅनडाकडून २०२२ चा वर्ल्ड कप खेळला, तो अमेरिकेत सेंट जॉन्स आणि मग वेक फॉरेस्टला शिकत असताना उन्हाळ्यात घरी येऊन व्हॉन अझुरीकडून खेळायचा, २०२० च्या एमएलएस ड्राफ्टमधे, म्हणजे तिथल्या वरच्या प्रो लीगच्या टीम कॉलेजची पोरं पाळीपाळीने निवडतात त्यात, अकरावा गेला. टेजन ब्युकॅनन मिसिसागाच्या सिग्मामधला, सिराक्यूजला शिकला, २०१९ ला नववा. सिग्माचाच काइल लॅरिन २०१५ ला पहिला. हे सगळं खरं आहे आणि त्यामुळेच त्या टीममधे तुमच्या जागेवर खेळणारे आधीच तिघं जण आहेत, त्यातला एक अमेरिकेतून मे मधे सुट्टीवर परत येतो आणि जानेवारीपासून घाम गाळणारा तुम्ही खाली सरकता. हा अनुभव आहे, ऐकीव नाही.

तुम्हाला पाहिजेत मिनिटं. सप्टेंबरमधे तुमचा कोच एकच विचारतो, किती मॅचेस खेळलास आणि कुठल्या जागेवर. भारी जर्सी घालून बेंचवर बारा मॅच बसलेला आणि खालच्या टीममधे बारा मॅच नव्वद-नव्वद मिनिटं खेळलेला, यात दुसरा पुढे असतो, पायात दिसतं ते. ओंटारियोत २०२४ ला तीन पायऱ्या झाल्या, तेव्हाची नावं प्रीमियर, चॅम्पियनशिप आणि लीग टू, वर-खाली जाणं पण आहे. पहिल्या वर्षी सगळ्यात खालची पायरी किंवा एखाद्या क्लबची रिझर्व टीम, याला कमीपणा मानू नका.

आणि नकाशा यासाठी की तुमच्याकडे गाडी नाही. गुगल मॅपवर सकाळी अकराचा बसचा टाइम बघू नका, रात्री दहाचा बघा. मी व्हॉनच्या उत्तर टोकाला प्रॅक्टिसला जायचो, जाताना सबवेने शेवटच्या स्टेशनपर्यंत, तिथून बस, मग चालत, दीड तासात पोचायचो. येताना प्रॅक्टिस संपून, कोन-बिन गोळा करून बाहेर पडेपर्यंत बस गेलेली. दुसऱ्या आठवड्यात कळलं की गोलकीपर माझ्याच बाजूला राहतो. मग त्याच्या जुन्या सिव्हिकमधून येणं सुरू झालं, मी पेट्रोलचे पैसे द्यायचो आणि टिम हॉर्टन्सची कॉफी, आणि खरं सांगतो, टीममधे माझी जागा त्या गाडीत झाली, मैदानावर नंतर. पहिल्याच दिवशी विचारून टाका, कोण कुठे राहतं.

ईमेल आणि व्हिडिओ

डिसेंबर किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. चार ओळी. नाव, जन्मसाल, जागा आणि कुठला पाय, सध्या कुठे खेळता, उन्हाळ्यात कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मोकळे, तुमच्या कोचचं नाव, व्हिडिओची लिंक. बस. मी पहिला ईमेल आदरणीय सर पासून सुरू करून लहानपणापासूनची कहाणी लिहिली होती, जिल्हास्तरावरची मेडलं वगैरे, त्याला उत्तर आलं नाही आणि आता वाचून मलाच कसंतरी होतं. इथे कोचला पहिल्या नावाने नाहीतर नुसतं कोच म्हणतात. सर नाही.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा, सगळ्यात चांगल्या गोष्टी पहिल्या तीस सेकंदात, प्रत्येक क्लिपच्या आधी स्वतःभोवती गोल किंवा बाण, आणि कृपा करून मागे गाणं नको. डिफेंडर असाल तर गोल नका दाखवू, तुम्ही कुठे उभे राहता ते दाखवा. शिवाय एका पूर्ण मॅचची लिंक वेगळी द्या, कारण हुशार कोच तीच बघतो. युनिव्हर्सिटीच्या मॅचेस रेकॉर्ड होतातच, मॅनेजरकडे मागितल्या की मिळतात.

उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा परत. तिसऱ्यांदा नको.

डोममधली ट्रायल

जानेवारी ते मार्च, बाहेर उणे पंधरा, त्यामुळे सगळं डोममधे. डोम म्हणजे हवेने फुगवलेला एक अवाढव्य फुगा, आत टर्फ. गोल फिरणाऱ्या दारातून आत शिरलं की कानात दडे बसतात, आत गरमी नाही पण दमट वाटतं, आणि पंख्याची घरघर इतकी की पलीकडच्या विंगवरून हाक मारली तर ऐकू येत नाही. आपल्याकडे मातीवर नाहीतर उंचसखल गवतावर खेळलेल्यांना पहिली अडचण बॉलची येते, टर्फवर तो सुळ्ळकन पुढे पळतो, आपण थांबून कंट्रोल करायला जातो तोवर समोरच्याने नेलेला असतो. पहिला टच पुढे, चालत्या पावलात. एवढं एक जमलं तरी निम्मं काम झालं. म्हणून ट्रायलच्या आधी महिनाभर कॉलेजच्या इनडोअर टर्फवर रोज अर्धा तास भिंतीला मारत बसा.

बूट. लांब स्टडचे गवताचे बूट टर्फवर अडकतात आणि गुडघा पिरगळतो. आखूड आणि जास्त स्टडवाले, एजी लिहिलेले घ्या. घरी आल्यावर मोज्यातून रबराचे काळे दाणे पडतील, आठवडाभर पडत राहतील, अंथरुणात पण सापडतील, रूममेटला आधीच कल्पना द्या.

ट्रायलमधे पाच-सहा ओळखीची पोरं एकमेकांनाच पास देत राहतात, हे होणारच, त्याचा राग धरू नका. बोला. मागून माणूस येतोय, टाइम आहे, वळ, एवढं इंग्रजीत ओरडता आलं तरी कोचची मान वळते, कारण बाकीची निम्मी पोरं गप्प असतात. मी कोल्हापुरात असतो तर गप्प बसलोच नसतो, तिथे तर बेंचवरून पण ओरडतो आपण, इथे मात्र ॲक्सेंटच्या भीतीने तोंडाला कुलूप. उगाच.

कागदपत्रं, म्हणजे खरा डोक्याला ताप

सिलेक्शन झालं, आनंद झाला, क्लबने ऑनलाइन फॉर्म पाठवला. त्यात एक प्रश्न असतो, याआधी कॅनडाबाहेर कुठे रजिस्टर होता का? मी 'नाही'वर टिक केलं. म्हटलं आपली तालमीची टीम, त्याला काय रजिस्टर म्हणायचं. पण माझं नाव भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएस वर, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीत, होतं, कधीतरी क्लबने भरलेलं, आणि नंतर ते निघालं. एकदा दुसऱ्या देशात नाव नोंदलेलं असलं की इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट लागतं, आयटीसी, ते आल्याशिवाय खेळता येत नाही, हौशी खेळाडूला पण. फिफाचा नियम आहे, दहा वर्षांच्या पुढच्या सगळ्यांना लागू. मागायचं काम तुम्ही नाही, इथला क्लब आणि इथलं असोसिएशन करतं, भारताचं फेडरेशन उत्तर देतं. तुम्ही फक्त खरी माहिती द्यायची, वेळेवर.

आणि नाव! हे खास आपल्या लोकांसाठी. पासपोर्टवर माझं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. सीआरएसवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव गायब. इथल्या फॉर्मवर मी वडिलांचं नाव मिडल नेम म्हणून टाकलं तर काही कागदांवर ते पहिल्या नावालाच चिकटून एकच लांबलचक नाव झालं. तीन ठिकाणी तीन माणसं. रात्री दोन वाजता, म्हणजे तिकडे ऑफिस उघडल्यावर, जुन्या क्लबच्या सेक्रेटरी काकांना व्हॉट्सॲप कॉल करून स्क्रीनशॉट मागवला, त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच पाठवला आणि वर विचारलं जेवलास का. पहिल्या तीन मॅच मी ट्रॅकसूट घालून बघितल्या. तर तुम्ही फेब्रुवारीतच सीआरएसचा नंबर, पासपोर्ट आणि शेवटची मॅच कधी कुठल्या क्लबकडून खेळलात हे एका फाइलमधे ठेवा आणि फॉर्मवर पासपोर्टसारखंच नाव लिहा, एक अक्षर इकडे-तिकडे नको.

अठरा पूर्ण नसतील तर गोष्ट वेगळी आहे. बारावी करून सतराव्या वर्षी आलेली पोरं असतात, त्यांना फिफाचे मायनरचे नियम लागतात, वेगळा अर्ज, जास्त कागद, जास्त वेळ. क्लबला पहिल्याच ईमेलमधे वय सांगा.

इन्शुरन्स पण बघून ठेवा. ओंटारियोत इंटरनॅशनल विद्यार्थ्याला ओहिप, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, मिळत नाही, युनिव्हर्सिटीवाल्यांना त्याऐवजी यूहिप असतं, त्यात डॉक्टर-हॉस्पिटल होतं पण फिजिओ आणि दात नाही. फिजिओ बहुतेक स्टुडंट युनियनच्या हेल्थ प्लॅनमधे असतो आणि त्याला वर्षाची मर्यादा असते. काही जण पैसे वाचवायला तो प्लॅन ऑप्ट-आउट करतात. खेळणार असाल तर करू नका, एक घोटा मुरगळला की वाचवलेले सगळे जातात.

पैशाचं

काही क्लब काहीच घेत नाहीत, काही किटचे घेतात, काही सीझनची फी घेतात. आधी विचारा, लेखी उत्तर घ्या. आणि उलट कोणी तुम्हाला पैसे देऊ केले, मॅच फी म्हणा, बोनस म्हणा, तर लगेच हो म्हणू नका. पुढे अमेरिकेत एनसीएएला, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांकडे, जायचा विचार असेल तर तिथली पात्रता जाऊ शकते, आणि स्टडी परमिटवर पैसे घेऊन खेळणं हे काम झालं का, हे कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय नाही. एनसीएएला आत्ताच खेळत असाल तर उन्हाळी टीमबद्दल तिकडच्या कम्प्लायन्सवाल्यांना आधी कळवावं लागतं, त्यांचे नियम जास्त कडक.

उन्हाळा सुरू झाला की

आठवड्याला दोन-तीन प्रॅक्टिस, एक मॅच. दूरच्या मॅचला दिवस जातो. डबा न्या, खरंच, मी पोळीभाजीचा रोल न्यायचो, आधी पोरं बघायची आणि जुलैपर्यंत मागून घ्यायला लागली.

विजा कडाडल्या की मॅच थांबते आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं मैदानावर जायचं नाही, मधे परत वाजलं तर पुन्हा तीस. ओंटारियोत जुलैमधे हे इतकं होतं की एकदा आम्ही दोन तास गाड्यांमधे बसून होतो. बीसी-अल्बर्टात वणव्याचा धूर. हवेचा एक्यूएचआय आकडा ७ किंवा वर गेला की मॅच पुढे ढकलतात. दमा असेल तर कोचला आणि फिजिओला आधी सांगा, लपवू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे अमेरिकेतून पोरं परत आल्यावर, तुमची मिनिटं कमी होतील. तेव्हा रुसून न बसता कोचला विचारायचं, मला रिझर्वकडून शनिवारी खेळू द्याल का? मला ज्या दिवशी हे सुचलं त्या दिवसापासून माझा उन्हाळा मार्गी लागला.

ऑगस्टचा पेच

हाच तो मगाशी म्हटलेला त्रास. युनिव्हर्सिटीचा कॅम्प ऑगस्टच्या मध्याच्या पुढे-मागे चालू होतो, आणि लीग संपलेली नसते. टीम प्लेऑफच्या रांगेत असेल तर क्लबचा कोच म्हणतो थांब, युनिव्हर्सिटीचा म्हणतो ये. मधे तुम्ही, सॉरी सॉरी करत. हे मार्चमधे, सही करतानाच, दोघांना एकाच ईमेलमधे घालून ठरवून टाका की अमुक तारखेला मी मोकळा. आणि कॅम्पला जायच्या आधी चार-पाच दिवस काही करू नका. मे पासून पळून पाय दगड झालेले असतात, आणि कॅम्पच्या पहिल्या दिवशी फिटनेस टेस्ट घेतात.

यातून प्रो होता येतं का

होतं, थोड्यांचं. कॅनेडियन प्रीमियर लीग एप्रिल २०१९ ला सुरू झाली, त्याआधी नोव्हेंबर २०१८ पासूनच तिचा यू स्पोर्ट्स ड्राफ्ट आहे. यात निवडलेला खेळाडू उन्हाळ्यात प्रो टीमबरोबर खेळून पुन्हा युनिव्हर्सिटीत येऊ शकतो, त्याची यू स्पोर्ट्सची पात्रता जात नाही, ही सोय भारी आहे. जोएल वॉटरमन ट्रिनिटी वेस्टर्नचा, २०१८ च्या उन्हाळ्यात कॅल्गरी फूटहिल्सकडून खेळला, त्याच पहिल्या ड्राफ्टमधे कॅव्हलरी या प्रो टीमने उचलला, २०२० ला माँट्रियल आणि २०२२ ला वर्ल्ड कपच्या टीममधे. मुलींसाठी एप्रिल २०२५ ला नॉर्दर्न सुपर लीग सुरू झाली, सहा टीम, तोपर्यंत देशात मुलींची प्रो लीगच नव्हती, त्यामुळे आता मुलींच्या उन्हाळी मॅचला पण कडेला वही घेऊन बसलेली माणसं दिसतात.

आणि कधीकधी एखादी रात्र असते. २०२३ च्या एप्रिलमधे बर्नबीच्या स्वॉनगार्ड स्टेडियमवर टीएसएस रोव्हर्सने, असल्याच पोरांच्या टीमने, कॅनेडियन चॅम्पियनशिपमधे व्हॅलर या प्रो टीमला ३-१ हरवलं. प्रांतिक लीगच्या टीमने प्रो टीमला या स्पर्धेतून बाहेर काढायची ती पहिलीच वेळ. तो व्हिडिओ बघा. दुसऱ्या दिवशी त्यातल्या कितीजणांना कामावर किंवा क्लासला जायचं असेल याचा विचार करत बघा.

टीम नाहीच मिळाली तर

घरी बसू नका. कॅल्गरीत क्यूसा, टोरंटो भागात ओंटारियो सॉकर लीग, असल्या मोठ्यांच्या लीग असतात, लेव्हल खालीवर पण अकराच्या टीममधे पूर्ण मॅच मिळते. व्हँकुव्हरची व्हीएमएसएल उलटी, शरद ते वसंत चालते, ती उन्हाळ्यात कामाची नाही. किंवा क्लबला सांगा की मी नुसता प्रॅक्टिसला येतो. मे-जूनमधे कुणी ना कुणी जखमी होतं, कुणाची नोकरी लागते, आणि जो आधीच कुंपणाच्या आत उभा आहे त्याला बोलावतात. मला पहिल्यांदा वरच्या टीमच्या बेंचवर बसवलं ते असंच, शनिवारी सकाळी साडेदहाला मॅनेजरचा मेसेज, बूट आहेत ना तुझ्याकडे, बाराला निघतोय आपण.

सीझन संपला की किट परत द्यायची असते, धुऊन. शॉर्ट्स हरवली तर पैसे लावतात. आणि त्याच दिवशी मॅनेजरकडून तुमच्या सगळ्या मॅचेसचे व्हिडिओ मागून ड्राइव्हवर टाकून घ्या, ऑक्टोबरमधे मागाल तर त्याने जागा करायला उडवलेले असतात.